थ्री-इन-वन काका

थ्री-इन-वन काकांना घरात एकच जागा दिसते, ओट्याची. बाकीचं घर त्यांच्या हिशेबात नाही. फूड प्रोसेसर आला आणि मिक्सर, ज्युसर, किसणी ओट्यावरून हलली, हे काका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. त्याच्यासोबत आलेली भांडी, पाती, ज्युसची चाळणी आणि ढकलायचा दांडा दिवाणात गेला, हे काकू सांगतात. दिवाणातली पांघरुणं माळ्यावर गेली. माळ्यावरचं कुठे गेलं, ते विचारायची सोय नाही.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. बहुधा निवृत्त, बहुधा इंजिनिअर, स्वयंपाकाशी संबंध चहापुरता. प्रदर्शनात डेमो देणाऱ्या पोरालाच ते डेमो देतात. "१९५० साली इंग्लंडात केनेथ वुडने केनवूड शेफ काढला. मोटर एक, कामं अनेक! कळलं?" पोरगा मान डोलावत गाजर किसत राहतो.

काकांचं अगदीच चुकतं असंही नाही. दोन फूट रुंदीचा ओटा; शेगडी, सिंक आणि पाण्याचा फिल्टर वजा जाता पोळपाटापुरती जागा उरते. "आपल्या विळीलाही टोकाला खवणी असतेच की," काकू एकदा म्हणाल्या. "तिला मोटर कुठाय?" काकांनी विषय संपवला.

मोटर आहे, पण ती सुरू होईल तर शपथ. वाडग्यावरचा बाण खालच्या बाणासमोर यायला हवा आणि झाकण टक् करून बसायला हवं, तरच मशीन फिरणार. बोटं पात्यात जाऊ नयेत म्हणून ही सोय. काका चष्मा कपाळावर चढवून मोबाइलच्या उजेडात बाण शोधतात. "अगं, जरा डावीकडे... माझ्या नव्हे, तुझ्या डावीकडे!" तोवर काकूंनी परातीत कणीक मळून, तेलाचा हात लावून झाकूनही ठेवलेली असते.

सणावारी तर नंबर लागतात. कणीक निघेपर्यंत काकडी थांबते आणि काकडीसाठी चटणी. मायक्रोवेव्ह, ओव्हन आणि ग्रिलही एकाच पेटीत, त्यामुळे नातवाचा केक फुगेपर्यंत भाजी गारच. काकांनी यावर फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलं. काकूंनी त्यावर दूधवाल्याचा हिशेब लिहिला.

गेल्या दिवाळीत चकलीच्या भाजणीच्या दिवशी फूड प्रोसेसरची मोटर जळाली. एका मोटरपायी वाटण, कीस, रस, कणीक, सगळंच बसलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "पार्ट मागवावा लागेल, दिवाळीनंतर बघू." काका तडक बाजारात गेले आणि तस्संच दुसरं मशीन घेऊन आले. जुनं दुरुस्त होऊन आलं, की एक बंद पडलं तरी दुसरं हाताशी.

"अहो, पण दोन-दोन ठेवणार कुठे?"

"ओट्यावर! जागा वाचवलीय कशाला मग?"