आधी पूर, मग चोर

आमच्या भाच्यानं कॅमेरा घेतला तेव्हा ताईनं गल्लीत पेढे वाटले. कॅमेरा सेकंडहँड, ३८ हजारांचा. लेन्स हप्त्यावर. विकणाऱ्यानं बिल म्हणून वहीचं पान फाडून दिलं : 'कॅमेरा दिला, पैसे पावले.' खाली सही. सही मात्र झोकदार होती.

भाचा १९९९ चा. त्याच वर्षी १ मेला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला आणि त्याच वर्षी विमा नियामकाचा कायदाही झाला. तिघांपैकी एकच आज पायावर उभं आहे, आणि ते हिंगोलीत राहत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडं सराई सुरू होते आणि फोटोग्राफराची झोप उडते. हळदीच्या दिवशी वसमतची हळद (हिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बरं का) निम्मी नवरदेवाला लागते, निम्मी लेन्सला. ते पुसता येतं. खरा घोर दुसऱ्या दिवशीचा. अक्षता पडायच्या वेळी भाचा स्टेजवर, आणि बॅटऱ्या, फ्लॅश, दुसरी लेन्स असलेली बॅग स्टेजमागं. तिथं कोणी पांढऱ्या सदऱ्यातला गृहस्थ घुटमळला तर नवरीकडचे समजतात नवरदेवाकडचा, नवरदेवाकडचे समजतात नवरीकडचा. दोन्हीकडून त्याला जेवायचा आग्रह होतो. तो जिलबी खातो, हात धुतो, बॅग उचलतो आणि निघतो. कोणीतरी त्याला गेटपर्यंत सोडायलाही जातं.

म्हणून ठरलं, विमा काढायचा. स्वस्तात.

विमावाला पोरगा सज्जन होता. त्यानं आधी दुकानाची चोरी-विमा पॉलिसी दाखवली. अट एवढीच की चोरानं बळ वापरून आत शिरलं किंवा बाहेर पडलं पाहिजे. कुलूप तुटलेलं, कडी उचकटलेली, पत्रा वाकलेला, असं काहीतरी दिसलं पाहिजे.

"मामा," भाचा म्हणाला, "आपला चोर कुलूप तोडत नाही. तो पंगतीला बसतो."

मग पोरानं घराचा विमा दाखवला. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना विकावी लागणारी 'भारत गृह रक्षा'. नाव ऐकून ताईनं चहा ठेवला. या पॉलिसीत चोरी आहे. कशी आहे ते नीट ऐका : आग, पूर, वादळ अशी आपत्ती यावी, त्या आपत्तीमुळेच चोरी व्हावी, आणि ती सात दिवसांच्या आत व्हावी. म्हणजे आधी कयाधूला पूर यावा, पाणी घरात शिरावं, आणि मग चोरानं कॅलेंडर बघून निघावं. आठव्या दिवशी आला तर तो आपला खाजगी पाहुणा. शिवाय कॅमेऱ्यावर धंदा करता म्हटल्यावर तो घरातलं सामान राहत नाही, असं पोरगा हळूच बोलला. ताईनं गॅस बंद केला.

शेवटी निघाली ती 'ऑल रिस्क'. सगळी जोखीम! पहिल्या पानावर सगळी जोखीम आणि पुढची पानं भरून कोणकोणती नाही त्याची यादी. कंपनीगणिक शब्द फिरतात, पण सूर तोच : बॅगेवर कोणाची नजर नसताना गेली तर नाही, उघड्या गाडीतून गेली तर नाही, लेन्समध्ये बुरशी धरली तर नाही. जी बॅग नजरेसमोर आहे ती चोरायला चोर काय वेडा आहे?

भाच्यानं तरी हिशेब मांडला. एकूण माल ६० हजारांचा, तर ३० हजारांचाच दाखवू, प्रीमियम निम्मा. त्यावर पोरानं सरासरीचं कलम समजावलं. निम्म्याचा विमा काढलास तर नुकसानही निम्मंच मोजणार. ३० हजारांचा माल गेला तर हातात १५, त्यातूनही पहिली ठरावीक रक्कम तुझ्या खिशातली. वर १८ टक्के जीएसटी. माणसाच्या वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय. कॅमेऱ्याचा आहे तिथंच आहे. म्हणजे करापुरतं बोलायचं तर कॅमेऱ्यापेक्षा फोटोग्राफर गेलेला परवडतो.

इतका वेळ दाजी कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. सोयाबीनवाला माणूस. विमा म्हणजे काय हे हिंगोलीत त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

"सोयाबीनचा आपुन एक रुपयात काढला व्हता," ते म्हणाले. "ह्याचा कामून नाही?"

तो एक रुपया २०२३ च्या खरिपात आला आणि २०२५ च्या खरिपात गेला, पुन्हा दोन टक्के सुरू झाले, हे दाजींना माहीत होतं. त्यांना फक्त पोराचं तोंड बघायचं होतं.

"बरं, बहात्तर तासांत कळवायचं का? पंचनाम्याला कोन येतंय? आन् एक सांगा साहेब, आमचा एकट्याचाच कॅमेरा गेला, मंडळातल्या बाकीच्यांचे शाबूत राह्यले, तर पैसे भेटतेत का?"

पोरगा हसला. हसायचं कारण नव्हतं. पिकाचं उत्पन्न महसूल मंडळाच्या सरासरीवर मोजतात; मंडळ उंबरठा उत्पन्नाच्या वर राहिलं की तुमच्या एकट्याच्या रानात काय झालं हे तुमचं तुम्ही बघायचं. या हिशेबानं कळमनुरी मंडळात किमान निम्म्या फोटोग्राफरांनी एका रात्रीत लुटलं जायला हवं. संघटनेत एकजूट असेल तर जमेलही.

बिलाचा विषय निघाला तेव्हा भाच्यानं वहीचं पान पुढं केलं. पोरानं ते उजेडात धरलं, उलटं केलं, परत दिलं. त्यावर कॅमेऱ्याचा नंबर नव्हता.

समजा, सगळं जमलं आणि कॅमेरा गेला. मग ठाणं. माझ्या एका स्नेह्याची बॅग गेली तेव्हा समोरच्या हवालदारानं प्रेमानं विचारलं, "चोरी कशाला लिहिता, गहाळ लिहू ना!" 'गहाळ' लिहिलं की ठाण्याचे आकडे नीट राहतात आणि विम्याचा दावा गहाळ होतो. चोरीचं कलम आधी ३७९ होतं, १ जुलै २०२४ पासून ३०३ झालं. तपास लागला नाही की शेवटी 'अ समरी' मिळते. गुन्हा खरा, चोर सापडला नाही. कंपनीला हाच कागद लागतो. चोर हरवल्याचा दाखला आणायला ठाण्याच्या इतक्या चकरा होतात की तोवर नवा कॅमेरा जुना होतो.

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू. अब्जावधी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं आदळली तर प्रोटॉनहून बारीक थरथर आमच्या तालुक्याला कळणार. स्टेजमागची बॅग कोणत्या दिशेनं सरकली, एवढंही त्यात बसवता आलं असतं तर बघा.

विमा निघाला नाही. दाजींनी तोडगा काढला : त्यांची आई. वय ऐंशीच्या पुढं, लुगडं, कानाला कमी, बैठक पक्की. भाचा लग्नाला निघाला की आजी मोटारसायकलवर मागं. मंडपात बॅग ठेवायची, बॅगेवर आजी ठेवायची. प्रीमियम एक ताट आणि वर पान. जीएसटी नाही. सरासरीचं कलम नाही. आजी निम्मी बसतच नाही.

सेनगावच्या लग्नात सगळ्या कुटुंबाचा फोटो काढायची वेळ आली. कोणीतरी पुण्यवान माणूस "आजी, तुम्ही मागं का? चला, चला" म्हणत त्यांना दंडाला धरून घेऊन गेला. आजींनी बॅग सोडली नाही.

अल्बम आता छापून आलाय. मधोमध नवरा-नवरी, त्यांच्या शेजारी काळी बॅग छातीशी कवटाळून एक म्हातारी. नवरीकडचे म्हणतात, नवरदेवाकडची असेल. नवरदेवाकडचे म्हणतात, नवरीकडची. परवा दोन्ही घरांतून आजींना बारशाचं आमंत्रण आलं.