जाणकार

मुंबई-पुण्याच्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत हा गृहस्थ एक तरी सापडतोच. वय पंचावन्नच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बँकेत नाहीतर विम्यात, केस जिथे उरलेत तिथे जरा लांब. एरवी तो चौकड्यांच्या शर्टात असतो आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवर मुद्देसूद बोलतो. रविवारी सकाळी मात्र दूध आणायला उतरतो तो काळा टी-शर्ट घालून. छातीवर दात विचकलेला, कातडी लोंबणारा एक सांगाडा. लिफ्टमधलं पोर आईच्या पदराआड जातं. "घाबरू नकोस बाळा, हा एडी. काही करत नाही," असं तो प्रेमाने सांगतो. पोर रडायला लागतं.

एडी हा आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा शुभंकर, आणि हा मेडनवाला. फॅन म्हटलेलं त्याला चालत नाही. फॅन पोरासोरांना म्हणावं. तो स्वतःला जाणकार समजतो, आणि खोटं कशाला बोला, आहेही.

त्याचं सगळं शिक्षण एका कॅसेटवर झालं. 'लाइव्ह आफ्टर डेथ' हा मेडनचा लाइव्ह अल्बम 1985 साली निघाला. बराचसा भाग कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा, उरलेला लंडनच्या हॅमरस्मिथचा. आमच्या माणसापर्यंत तो पोचला नव्वद मिनिटांच्या टीडीकेवर, कुणाच्या तरी मामेभावाने भरून दिलेला. टेप गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. वीसेक वर्षांत गाणी पाठ झाली ती झालीच. गायक ब्रूस डिकिन्सन कुठे दम घेतो, लाँग बीचची गर्दी कुठल्या सुराला ओरडते, तेही पाठ झालं. एका गाण्याच्या मध्यावर टेप संपायची. ते गाणं त्याच्या डोक्यात आजही तिथेच संपतं. पुढचं तो ऐकतो, पण ते नंतर कुणीतरी जोडल्यासारखं त्याला वाटतं.

तेव्हा असा माणूस बँड प्रत्यक्ष बघायला जातो तो ऐकायला जात नाही. तो तपासायला जातो.

मेडन भारतात पहिल्यांदा वाजले ते 17 मार्च 2007 ला, बेंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर. बँकेतल्या माणसाला मार्चमध्ये रजा मागणं म्हणजे काय, हे ज्याने मागितलीय त्यालाच ठाऊक. आमच्या माणसाने मावशी अत्यवस्थ असल्याचं कळवलं आणि उद्यान एक्स्प्रेस पकडली. परत आला तेव्हा घसा पार बसलेला, डोळे सुजलेले, मान कुठल्याही बाजूला वळेना. साहेबांनी स्वतः उठून खुर्ची दिली. मावशीवर एवढी माया करणारा भाचा त्यांनी पाहिला नव्हता.

त्या एका संध्याकाळमुळे या मंडळींत दोन जाती झाल्या. एक बेंगळूरला गेलेले, दुसरे नंतर मुंबईत पाहिलेले. नवीन ओळख झाली की तो आधी तेवढंच विचारतो, आणि समोरचा मुंबईवाला निघाला की "बरं बरं" म्हणतो. या "बरं बरं"मध्ये जी दया असते ती मी फक्त हापूसवाल्याला पायरीबद्दल बोलताना ऐकली आहे. (2011 साली मेटॅलिकाच्या गुडगावच्या रद्द झालेल्या कार्यक्रमाला गेलेले ही तिसरी जात. त्यांच्यापाशी तो फक्त खांद्यावर हात ठेवतो.)

मुंबईला मात्र तोही होताच. 1 फेब्रुवारी 2008, बीकेसीतलं एमएमआरडीए मैदान. डिकिन्सन हा परवानाधारक वैमानिक. त्या दौऱ्यासाठी अख्खं बोइंग 757 घेतलेलं, शेपटीवर एडीचं चित्र, मागच्या खुर्च्या काढून वाद्यं भरलेली आणि वैमानिकाच्या जागी खुद्द गायक. जगाच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत! सगळ्या शहराने हुरळून जावं अशी गोष्ट, पण हा हवालदिल. कारण कुठल्या गाण्यानंतर कुठलं गाणं, हे आधीच्या गावांतल्या याद्यांवरून पाठ करून जायची याची रीत. पहिल्याच गावाला आधीचं गाव कुठून आणायचं? नाइलाजाने त्याने आखीव कागदावर स्वतःच्या अंदाजाच्या याद्या केल्या आणि खिशात ठेवल्या. बायकोने त्या किराण्याच्या समजून मागे साबण, तूरडाळ लिहिली.

लाउडस्पीकरवर यूएफओ बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं की मेडन आता येणार, हे जाणकाराला कळतं. बाकीचे पाण्याच्या रांगेत असतात. मग दिवे गेले, चर्चिलचं युद्धकाळातलं भाषण घुमलं आणि 'एसेस हाय' सुरू झालं. मागे इजिप्तचा देखावा, म्हणजे जवळजवळ त्याच्या कॅसेटच्या काळातलाच. डिकिन्सनने मुंबईचं नाव घेऊन सगळ्यांना किंचाळायला सांगितलं. हा इतकी वर्षं दादरच्या खोलीत लाँग बीचच्या वतीने किंचाळत आलेला. स्वतःच्या गावाच्या वतीने पहिल्यांदाच बोलावणं आलं, तर आवाजच फुटेना. पुढच्या हाकेला मात्र फुटला, आणि शेजारच्या मुलीने कानांवर हात ठेवले.

तपासणी चालूच होती. गिटारवाले तीन कसे? कॅसेटमध्ये दोन आहेत. तिसरा यॅनिक गर्स, 1990 पासून बँडमध्ये आहे, पण याच्या लेखी अजून प्रोबेशनवर. (डिकिन्सन नसतानाची, ब्लेझ बेली गायचा ती 1994 ते 99 ची वर्षं काढली, की हा चहा मागवतो.) दौरा ऐंशीच्या दशकातल्या गाण्यांचा म्हणून जाहीर केलेला, आणि मध्येच 'फिअर ऑफ द डार्क'. ते 1992 चं! हा अनियमितपणा त्याने बायकोच्या कानात नोंदवला आणि मग ते गाणं तिच्याच कानात शेवटपर्यंत म्हटलं. 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तेरा मिनिटांहून मोठं, कोलरिजच्या कवितेवरचं. मध्ये ते जवळजवळ थांबतं, नुसतं जहाजाचं लाकूड करकरतं. पुढच्या एकाने गाणं संपलं समजून टाळ्या वाजवल्या. आमच्या माणसाने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने तो खोट्या सहीच्या चेककडे बघतो.

दुसऱ्या दिवशी त्याचा शेरा तयार होता: "उत्तम. फक्त लय जरा पळवली. निको मॅकब्रेन पहिल्यापासूनच घाई करतो." ड्रमरवरचा हा आक्षेप त्याने पुढची सतरा-अठरा वर्षं जपला. 2024 च्या डिसेंबरात मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला तेव्हा हा दोन दिवस नीट जेवला नाही, पण आक्षेप मागे घेतला नाही.

2025 साली मुलगी नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले बघून आली. मनगटात लुकलुकणारा पट्टा. हजारो पट्टे एकदम रंग बदलतात म्हणून ती सांगत होती. याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बेस कोण वाजवतो?" तिला सांगता येईना. त्याला फार बरं वाटलं.

तिने सूड घेतला तो असा. माळ्यावरची टीडीके आणि जुना टेपरेकॉर्डर खाली काढला, मोबाइलवर तोच अल्बम लावला आणि दोन्ही एकदम सुरू केले. पहिल्याच गाण्यात मोबाइल पुढे निघून गेला. टेपरेकॉर्डर मागून रेंगाळत येत होता, डिकिन्सनचा आवाज थोडा जाड, थोडा झोपाळू. "बाबा, पट्टा ढिला असेल याचा. तुम्ही एवढी वर्षं सगळंच हळू ऐकलंय. तो निको बिचारा बरोबर वाजवत होता."

त्याने दोन्ही बंद केले. टेपरेकॉर्डर पुन्हा एकदा एकटा लावला, डोळे मिटून, बोटाने गुडघ्यावर ठेका धरून ऐकला.

"हे बरोबर आहे," तो म्हणाला. "मोबाइलवाले पळवतात."