परभणीचा ओटीपी

माझ्या आजीच्या गोड्या मसाल्याची किल्ली गेली अडीच वर्षं परभणीतल्या एका खत-बियाण्याच्या दुकानदाराकडे होती. त्याला बिचाऱ्याला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. असतं, तर निदान दिवाळीला त्याला शुभेच्छा तरी पाठवल्या असत्या.

वहीपासून सांगतो. आजीची वही जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पाणी नारायण पेठेत शिरलं, तेव्हा आजी दोनच गोष्टी घेऊन शेजारच्या वाड्याच्या माडीवर चढली. एका काखेत दोन वर्षांचे आमचे काका आणि दुसऱ्या काखेत पिठाचा डबा. डब्यात वही होती. काका पुढे बँकेत मॅनेजर झाले, तरी पुराची गोष्ट सांगताना आजी वहीचं नाव आधी घ्यायची.

डब्यात थोडं पाणी गेलंच. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग पडला, आणि मसाल्याच्या पानावर तो नेमका नागकेशराच्या ओळीवर चढला. धणे शेरात, दगडफूल छटाकात, सगळं स्वच्छ वाचता येई; नागकेशर मात्र दोन तोळे की तीन, यावर आमच्या घरात एकमत कधी झालं नाही. खुद्द आजीला विचारलं तर ती म्हणायची, “हाताला कळतं.”

२०१९ साली आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. साडेतीन खोल्यांचा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत कोंबायचा होता. अशा वेळी घरात एक तंत्रज्ञ लागतो, आणि तो मान माझा. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की सेल काढून, सदऱ्याला पुसून, उलटसुलट करून परत घालतो तो मीच. मी फर्मान काढलं, कागद म्हणून काही न्यायचं नाही, सगळं स्कॅन होणार. वहीला तर मी खास मान दिला. मसाल्याचं पान सहाशे डीपीआयवर स्कॅन केलं, म्हणजे नागकेशराचा निकाल एकदाचा लागेल. डाग फार सुंदर दिसला. नागकेशर नाही.

वही रद्दीच्या ढिगावर ठेवताना आई म्हणाली, “राहू दे की रे एका कोपऱ्यात. काय खायला मागतीये का?”

“आई, कागद सडतो. क्लाऊड सडत नाही.”

हे वाक्य आता घरातलं कुणीही मला कशावरही ऐकवतं. परवा फ्रिजमधली कोथिंबीर सडली, तेव्हाही ऐकवलं. रद्दीवाल्याने बारा रुपये किलोने ढीग नेला. वही फार तर पाव किलोची. पानशेतच्या पुरातून वाचलेल्या ऐवजाचे तीन रुपये आले.

आता ज्या कंपनीच्या क्लाऊडवर मी हे सगळं चढवलं तिचं नाव घेत नाही, कारण चूक कुणाची यावर आमच्याकडे अजून मतभेद आहेत. सेवा फुकट होती. शिवाय नवीन माणूस जोडून दिला की आणखी थोडी जागा फुकट. ही युक्ती ड्रॉपबॉक्सने गाजवली. त्यांची मूळ फुकट जागा दोन जीबी, आणि मित्र आणला की वर पाचशे एमबी. बाकीच्यांनी ती उचलली आणि माझी कंपनी त्या बाकीच्यांतली. मग काय, विमा एजंट काय मागे लागेल असा मी नातलगांच्या मागे लागलो. मावसभाऊ जोडला, त्याचा मेहुणा जोडला, मेहुण्याच्या सासऱ्यांना एका मुंजीत पंगतीला बसलेलं असताना जोडलं. जिलबीच्या पाकाने माखलेल्या अंगठ्याने त्यांनी ‘मान्य’ दाबलं. त्या पंक्तीत मी एकूण दीड जीबी कमावली.

अटी वाचायचा प्रश्नच नव्हता. गंमत अशी की त्याच आठवड्यात मी भाड्याच्या खोल्यांचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार वाचत होतो. भिंतीला खिळा ठोकल्यास दंड किती, पाण्याची मोटर कुणी लावायची, सगळ्यावर घासाघीस केली. ‘एक महिन्याची पूर्वसूचना’ यावर तर मालकांशी अर्धा तास भांडलो. आणि इकडे, कंपनी कधीही, कोणतंही कारण न देता सेवा बंद करू शकते, वर्षभर फिरकला नाहीत तर सामान काढून टाकू शकते, या कराराला माझ्या अंगठ्याला एक सेकंदही लागला नाही. पैसे द्यायचे असले की आम्ही पुणेकर. फुकट मिळालं की साक्षात कर्ण.

पाच वर्षं काही बिघडलं नाही. मसाला आई करायची, तीही हातानेच. पण गेल्या उन्हाळ्यात तिचा खांदा निखळला आणि मसाला बायकोने करायचं ठरलं. बायकोने प्रमाण विचारलं.

“मला काय माहीत? हाताला कळतं,” आई म्हणाली, “आणि हात तर गळ्यात बांधलाय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी ऐटीत फोन काढला. पासवर्ड चुकला. दुसरा चुकला. मग कंपनीने सौजन्याने कळवलं की नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. माझा फोन मख्ख. तो नंबर होता जुन्या सिमचा, आणि रिचार्ज महागल्यावर ते सिम मी मरू दिलं होतं. नियमाप्रमाणे बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस कुणाला देत नाहीत. म्हणजे माणूस गेला तर तेरा दिवसांचं सुतक, नंबर गेला तर नव्वद. ते फिटून नंबराचा पुनर्जन्म परभणीत झाला होता. मी माझ्याच नंबरला फोन लावला.

“हॅलो, कोण बोलायलंय?”

मी सगळी हकिकत सांगितली. आजी, पूर, नागकेशर. पलीकडे शांतता. मग आवाज आला, “म्हणजे तुम्हाला ओटीपी पाहिजे.”

“हो!”

“काका, आवाजावरून तुम्ही चांगले वाटायलात. पण दिवसभर कुणालाही फोन लावला की आधी अमिताभ बच्चन सांगायचा, ओटीपी कुणाला देऊ नका. आता तुम्ही म्हणायलात द्या. मी बच्चनचं ऐकू का तुमचं?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. शिवाय ओटीपी दहा मिनिटं टिकतो आणि आमची चर्चा चौदा मिनिटं चालली.

त्या रात्री झोप येईना म्हणून फुकटाचा इतिहास वाचत पडलो. जीमेलची घोषणा झाली १ एप्रिल २००४ला. बाकीचे दोन-चार एमबी देत असताना हे एक जीबी फुकट देणार म्हटल्यावर लोकांना तो एप्रिल फूल वाटला. वीस वर्षांनी मागे वळून बघता, लोक फार चुकले होते असं वाटत नाही. गंमत फक्त सावकाश उलगडली. २०१५ साली गुगल फोटोजने हवे तेवढे फोटो फुकट ठेवा म्हटलं, आम्ही वरणभाताचेही फोटो ठेवले, आणि १ जून २०२१पासून मोजणी सुरू झाली. फ्लिकरने २०१३ला एक हजार जीबी देऊ केले आणि मालक बदलल्यावर २०१९पासून हजार फोटोंच्या वर काही ठेवू देईनात. हजाराचा आकडा तेवढा इमानाने राखला. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला मिटलं; तिथे माझ्या मित्राने होणाऱ्या बायकोला लिहिलेले स्क्रॅप होते, आता त्या बाबतीत तिची स्मरणशक्ती हाच एकमेव पुरावा, आणि तो त्याच्या विरोधात जातो. पण सगळ्यांवर कडी मायस्पेसची. २०१९ साली त्यांनी कबूल केलं की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. पाच कोटींवर गाणी. घर हलवताना आमच्या पाटा-वरवंट्यातला वरवंटा हरवला, त्यावर आई आठ दिवस जेवताना बोलत होती.

या कंपन्या दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. जागा कुणाचीच फुकट नसते. डिस्कला पैसे पडतात, विजेला पडतात. सुरुवातीला गिऱ्हाईक जमवायला चव देतात, जमलं की वाडगं लहान करतात, आणि नाहीच जमलं तर दुकान उचलतात. कालिदासाच्या यक्षाने रामटेकवरून मेघाच्या हाती नुसता निरोप धाडला होता. बायकोचे दागिने दिले नव्हते. शापित असला तरी माणूस व्यवहारी.

तिसऱ्या दिवशी परभणीहून आपण होऊन फोन आला. “काका, मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मसाल्यासाठी कुणी खोटं बोलत नसतं. मागवा ओटीपी.”

मागवला. त्यांनी सहा आकडे एकेक करून, मधे स्वल्पविराम घेत सांगितले. खातं उघडलं. आई खांद्याची झोळी सांभाळत मागे उभी, बायको हातात वजनकाटा घेऊन. आत एकच फाइल होती, कंपनीची स्वतःची: ‘सुरुवात कशी करावी’. वर एक पट्टी, की बारा महिने वापर नसल्याने साठवलेला मजकूर काढून टाकला आहे, तीन सूचना ईमेलवर धाडल्या होत्या. धाडल्याच असणार. तो ईमेल मी खास याच कामासाठी उघडला होता, माझा नेहमीचा ईमेल घाण होऊ नये म्हणून.

आई एवढंच म्हणाली, “सडलं वाटतं.”

आता एकच वाट उरली होती, नाशिकची आत्या. आजीने लेकीच्या लग्नात वहीतल्या खास पाककृती तिला उतरवून दिल्या होत्या. तंत्रज्ञ लोक तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर असा नियम सांगतात. आजीने एक वहीत, एक हातात आणि एक थेट नाशिकला ठेवून तो पुरा केला होता. अडचण एवढीच, की वन्संना फोन कोण करणार? “मी माझ्या तोंडाने विचारायची नाही,” आई म्हणाली. “‘वही तुलाच दिली होती ना आईने,’ हे ऐकायला पन्नास वर्षं थांबल्येत त्या.”

मी केला फोन. त्या ते म्हणाल्याच. तरी अर्ध्या तासात व्हॉट्सॲपवर पानाचा फोटो आला. आजीचं तेच अक्षर, डाग नाही, सगळं लख्ख. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, बाद्यान, तमालपत्र. आणि नागकेशरापुढे आत्याच्या हातचं, पेन्सिलने: ‘आईला विचारणे.’

बायकोने अडीच तोळे घातलं.

मसाला झाल्यावर त्यातला पाव किलो मी परभणीला कुरिअर केला. परवा त्यांचा फोन आला. मसाला चांगला आहे, त्यांच्याकडच्या येसरापेक्षा जरा गोडसर लागतो म्हणाले. मी आभार मानून ठेवणार, तेवढ्यात म्हणाले, “काका, अजून एक. या नंबरवर तुमच्या बँकेचेबी मेसेज यायलेत, बरं का. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की येतंय. आणि लायब्ररीची वर्गणी थकलीया तुमची. ते भरून टाका.”