श्रीमंत अर्धा इंच साहेब यांस खुले पत्र

मु. पो. स्वयंपाकघराचे दार,
लष्कर, ग्वाल्हेर.

साष्टांग नमस्कार. हे रिवाज म्हणून लिहिलेले नाही. काल हातात चहाचा ट्रे असताना तो मी आपल्याला प्रत्यक्ष घातला.

आपली वंशावळ आता घरात सर्वांना पाठ आहे. पिताश्री मोरबीची व्हिट्रिफाइड टाइल, जाडी 9 मिलिमीटर. मातोश्री टाइल चिकटवायचा मसाला, थर साडेतीन मिलिमीटर. बेरीज साडेबारा, म्हणजे मिस्त्रींच्या हिशेबात चार सूत. जुनी फरशी काढून खालचा थर तेवढाच खोल घेतला असता, तर आपला जन्मच टळला असता. पण उखडायचे म्हणजे धूळ, मलबा आणि बाहेरचे जेवण. ‘फर्श पे फर्श, बाबूजी, एक दिन का काम,’ मिस्त्री म्हणाले. दारातल्या फरकाचे विचारले, तर ‘उन्नीस-बीस.’

तूर्त चालवून घेऊ, म्हणून आम्ही आपल्याला राहू दिले. या गावात हे धोक्याचे. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. ती अजून उठायची आहे. तिलाच आम्ही लष्कर म्हणतो.

दारातली अडीच फुटांची जहागीर आपल्याला बिनबोभाट मिळाली. सुताराने नजराणा म्हणून दाराचा तळ कापून दिला. केरसुणी आपल्यापाशी अडते, गॅसच्या सिलिंडरला दोघे लागतात, आत्या भिंत धरून सीमोल्लंघन करते. शिवाय स्वयंपाकघर बैठकीपेक्षा उंच झाल्यामुळे सांडलेले पाणी मोरीकडे न जाता पाहुण्यांकडे धावते.

जयविलास महाल 1874 चा. तिथे झुंबरे टांगण्याआधी छत पेलेल का, हे पाहायला वर हत्ती चढवले होते, असे इथे पोरसोर सांगते. आमच्याकडे हत्तीची गरज नव्हती. बैठकीच्या फरशीवरून दारात एक पट्टी धरून तिच्यापासून खाली आधी टाइल, मग मसाला, असे मोजत गेले असते तरी पुरे होते. लेव्हल घेतली नाही असे नाही. पाण्याची नळी धरून चारही भिंतींवर खुणा झाल्या. आज त्या खोलीत कुठेही गोटी ठेवा, हलत नाही. फक्त शेजारच्या खोलीला कोणी विचारले नाही.

आपल्याबाबत घरात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, संगमरवराची उतरती पट्टी लावून आपल्याला पेन्शनीत काढावे. दुसरा म्हणतो, बैठकीतही वरूनच टाइल घालू, म्हणजे मिटले. भोळा पक्ष! आपण मिटणार नाही, पुढच्या दारात मुक्काम हलवाल. बैठकीतून ओसरीत, ओसरीतून जिन्याशी; तिथे पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच बुटकी होईल आणि चढणारा प्रत्येक जण ठेचकाळेल. मग स्वारी रस्त्यावर. तिथे थोरले बंधू भेटतीलच: जुना थर न खरवडता दर खेपेला वरून ओतलेले डांबर. रस्ता उंच, घर खोल, पावसाचे पाणी ओसरीत. मग कोणी शहाणा सुचवेल, ओसरीवर आणखी एक थर चढवू. वरून घालणाऱ्याचे काम एका दिवसात होते ते यामुळेच. उरलेले शेजाऱ्याच्या वाट्याला जाते.

तेव्हा निकाल ऐका. छिन्नी-हातोडा आणि मलब्याची हातगाडी ठरली आहे. दोन्ही थर निघतील. या वेळी काम दारापासून सुरू होईल. तिथे बैठकीची जुनी फरशी सांगेल ती पातळी, आणि पुढचा ढाळ मोरीकडे. सूतभर कमी-जास्त राहिलेच, तर ते पलीकडच्या भिंतीलगत, धान्याच्या कोठीखाली जाईल. तिथे आपण खुशाल राज्य करावे. भाडे मागणार नाही.

आपला,
पाय उचलून चालायला शिकलेला
एक लष्करवासी