नायगावची हरकत

चर्चगेटपासून मोजू लागल्यास आमचे नायगाव पश्चिम रेल्वेच्या अनुक्रमात पूर्वी २५ वे होते. परंतु डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्या दरम्यान राम मंदिर स्थानक अवतीर्ण झाले आणि नोटीस नाही, पंचनामा नाही, नुकसानभरपाईचे तर नावच नको, अशा रीतीने आम्ही बसल्या जागी २६ वे झालो.

या अन्यायाची मीमांसा फंक्शनल प्रोग्रॅमिंग नामक सोवळ्या शास्त्रात सापडते. तेथे एकदा सिद्ध झालेल्या यादीस कोणी शिवायचे नाही. फेरफार हवा असेल तर नवी यादी करावी आणि जुनी ज्याच्या हाती असेल त्याच्याकडे अबाधित राहू द्यावी. २००७ साली रिच हिकी यांनी प्रसिद्ध केलेल्या क्लोजर भाषेत अशी यादी, म्हणजे व्हेक्टर, ३२-३२ कप्प्यांच्या वृक्षात साठवतात. त्यामुळे दहा लाख घटकांतही चार पायऱ्यांच्या आत हवा तो गवसतो, आणि एखादा बदलला तर त्याच्या वाटेवरील कप्प्यांचीच नक्कल करून बाकी सारा ऐवज जुन्या-नव्या यादीत सामाईक ठेवता येतो. रेल्वेलाही हे साधते: २०१३ साली लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत गेली, कोणाचा क्रमांक ढळला नाही, २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तरी ८ वे ते ८ वेच राहिले. मध्ये शिरकाव झाला म्हणजे मात्र आधीचे १७ निर्धास्त, शिरणारा नामानिराळा, आणि गोरेगावपासून डहाणूपर्यंतच्या समस्त रयतेस नव्या क्रमांकाचा भुर्दंड! क्लोजरने व्हेक्टरच्या मध्यात भर घालण्याची तयार सोय ठेवलेली नाही, यात मला मोठा शहाणपणा दिसतो.

बॅगवेल आणि रोम्प्फ या विद्वानांनी २०११ साली या मधल्या शिरकावावर तोड सुचवली: वृक्षाची शिस्त किंचित सैल करून प्रत्येक फांदीने आपल्याखालील घटकांची गणती स्वतःजवळ ठेवावी, म्हणजे मागच्या सर्वांचे दप्तर नव्याने लिहावे लागत नाही. आम्हांसही कोणी सुचवले, की विरारकडून मोजा, तेथून तुम्ही ४ थे होता आणि ४ थेच आहात. परंतु सकाळी विरारहूनच गच्च भरून आलेल्या गाडीपुढे ४ थे म्हणून उभे राहण्यात कोणता बहुमान आहे, आणि त्या अपरिवर्तनीय समुदायाच्या मध्ये एक जादा घटक घालण्यास काय श्रम पडतात, हे या विद्वानांनी नायगावच्या फलाटावर येऊन पाहावे.

सबब, यापुढे आमच्या अलीकडे आणखी एखादे स्थानक घालण्याचा कोणाचा मनसुबा असल्यास आमची हरकत आगाऊ दाखल करून घ्यावी. या शास्त्राच्या दप्तरी लिहिलेले पुसले जात नाही, एवढाच आम्हांस आधार आहे.