काकूंच्या भावाची दोन सरकारं

ऐकलंत का? आमच्या शेजारच्या काकूंच्या भावाकडे हल्ली बारीक तांदळाचा भात शिजतो. आणि तो रेशनचा बरं का! काल कुंपणापलीकडे अंबाडीचा पाला खुडता खुडता त्यांनीच सांगितलं. "माय, काय दाणा आहे म्हणून सांगू! भावजयीनं पिशवीभर पाठवला. आपल्या दुकानातला आणि तो एका ताटात वाढला तर पोरं आपल्याला हात लावायची नाहीत."

काकूंचा भाऊ राहतो पहाडावर. आमच्या गडचांदूरकडून माणिकगडाचा घाट चढला की जिवती तालुका. त्याच्याही पुढे, पार टोकाला, परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर, येसापूर, भोलापठार अशी चौदा गावं आहेत. महाराष्ट्र म्हणतो आमची, तेलंगणा म्हणतो आमची. त्यातल्याच एका गावात हा भाऊ. तेलंगणानं 2025 च्या गुढीपाडव्याला बारीक तांदळाची योजना काढली, माणशी 6 किलो, तेही फुकट. आपल्याकडचं 5 किलोचं धान्य आहेच. भावजयीच्या पत्र्याच्या पेटीत दोन रेशनकार्डं एकावर एक ठेवलेली असतात. वरचं मराठी, खालचं तेलुगू. कोणत्या दुकानाचं धान्य आलं त्यावर वरचं खाली, खालचं वर.

"मग मजाच आहे की काकू," मी म्हटलं.

"मजाच! तुला लाडकी बहीण मिळते ना? भावजयीलाही मिळते. तुझं बसचं तिकीट अर्धं. तिनं तेलंगणातल्या आसिफाबादची बस धरली तर तिकीटच नाही, तिकडे बायांना फुकट आहे डिसेंबर 2023 पासून. म्हाताऱ्यांची पेन्शन विचार. इकडे दीड हजार, तिकडे दोन हजार सोळा रुपये. आता सांग, सोळा रुपये वरचे कशाला? पण आहेत!"

गावात सरपंच दोन. शाळा दोन, एक मराठी, एक तेलुगू. अंगणवाड्याही दोन. एका दारात एम.एच. 34 ची मोटारसायकल, तर शेजारच्या दारात टी.एस. 20 ची. महाराजगुड्यातलं ते घर तर 2022 च्या डिसेंबरात टीव्हीवरही आलं होतं. निम्म्या खोल्या एका राज्यात, निम्म्या दुसऱ्या. स्वयंपाकघर तेलंगणात आणि झोपायचं महाराष्ट्रात! काकू म्हणतात, त्या घरची सून रुसून दुसऱ्या खोलीत गेली तर परराज्यात गेली म्हणायचं.

मतदानाचं तर विचारूच नका. 2024 च्या लोकसभेला आमच्या चंद्रपूरचं मतदान 19 एप्रिलला झालं आणि तिकडच्या आदिलाबादचं 13 मेला. पहाडावर प्रचाराच्या गाड्या आधी या बाजूनं चढल्या, मग त्या बाजूनं. कायद्यानं एका माणसाचं नाव दोन मतदारसंघांत चालत नाही, हे अधिकारी येऊन सांगतात. लोक मान डोलावतात. "पण एक नाव काढायचं म्हटलं तर कोणतं काढायचं?" काकूंचा सवाल. "तिकडचं काढलं तर पेन्शन जाईल, इकडचं काढलं तर आम्ही मराठी कशाचे?"

हा घोळ आजचा नाही. जिवतीसकट राजुऱ्याचा सगळा पट्टा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. 1956 ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा राजुरा आधी नांदेडला जोडला, 1959 ला चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आला. पहाडाच्या कडेची ही गावं मात्र दोन्हीकडच्या कागदांवर राहून गेली. बंगालच्या सीमेवर भारत-बांगलादेशच्या असल्याच वस्त्या होत्या, त्यांची अदलाबदल 2015 ला दोन देशांनी उरकली. इथं तर एकाच देशाची दोन राज्यं, तरी उरकत नाही. 2025 च्या जुलैत आपल्या महसूलमंत्र्यांनी ही चौदा गावं महाराष्ट्रात घेणार असं मुंबईत जाहीर केलं. काकूंना ती बातमी मीच वाचून दाखवली. "घेणार म्हणजे? इतके दिवस आमचा भाऊ कुठे होता?" एवढंच म्हणाल्या आणि अंबाडी निवडत बसल्या.

मला वाटलं होतं काकू खूश होतील. पण त्यांचं दुखणं वेगळंच आहे, ते काल कळलं.

काकूंचं माहेर मूळ मुखेडकडचं. 1972 च्या दुष्काळात तिकडे ना पाणी ना काम. पहाडावर जंगल आहे, तोडून पेरता येतं, असं कुणीतरी सांगितलं आणि मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं वर चढली. बंजारा होते, मातंग होते, बौद्ध होते, मराठेही होते. काकूंचे वडील त्यांतलेच. त्याआधी पहाडावर कोलाम आणि गोंड. गुड्यागुड्यांतून राहणारे, बांबूच्या टोपल्या विणणारे कोलाम तिथले सगळ्यांत जुने. गोंडसुद्धा तिथल्या देवांच्या पूजेला कोलामाला बोलावतात, कारण त्या रानातल्या देवांशी ओळख त्याची. काकू सांगतात, "आम्ही गेलो तेव्हा पहिला पाण्याचा झरा आम्हाला कोलामानंच दाखवला."

बापानं खुंट उपटून, दगड वेचून शेत केलं. आता भाऊ तिथं कापूस लावतो, तूर लावतो. पाऊस धो धो पडतो, पण पहाडावर पाणी काही थांबत नाही. उन्हाळा लागला की विहिरी तळ दाखवतात आणि बायांच्या डोक्यावर हंडे येतात. हेही चालवून घेतलं. पण शेताचा सातबारा नाही!

सातबारा नाही म्हणजे काय, हे काकूंकडून ऐकावं. सोसायटीचं कर्ज नाही, म्हणून बियाणं-खत उधारीवर. ज्याच्याकडून उधारी, कापूसही त्यालाच आणि भावही त्याचाच. गारपीट झाली तर पंचनाम्याला तलाठी विचारतो, जमीन कुणाची? कागदावर ती जंगलाची.

"मग वनहक्काचा दावा करायचा," मी शहाणपणा केला. काकूंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की बोलणंच खुंटलं. कोलाम-गोंड आदिवासी, त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवला की झालं. इतरांना मात्र त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. म्हणजे 1930 चा पुरावा. "आमचा बाप पहाडावर चढला बहात्तर साली," काकू बोटं मोजत म्हणाल्या. "तीस सालचं काय दाखवू? तेव्हा बाप माझा जन्मलाही नव्हता."

म्हणजे बघा, मत हवं तेव्हा भाऊ दोन राज्यांचा. तांदूळ द्यायचा तेव्हाही दोघांचा, कारण तांदळामागे मत आहे. पण शेताची गोष्ट निघाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि मधे वनखातं उभं. सगळेच म्हणतात पहाड दुर्गम आहे, कर्मचारी चढायला नाखूश असतात. पण प्रचाराच्या गाड्यांना घाट कधी अवघड गेला नाही, हे काकूंनी बरोबर हेरलंय.

आता 2027 ची जनगणना येतेय. काकूंच्या भावजयीला आत्तापासून काळजी, दोन्हीकडचे मास्तर एकाच दिवशी आले तर चहाला दूध कुठून आणायचं. मी म्हटलं, "काकू, म्हणजे तुमचा भाऊ दोनदा मोजला जाणार. देशाची लोकसंख्या वाढवली की त्यानं!"

"मोजू दे," काकू पाल्याचं सूप झटकत म्हणाल्या. "माणूस दोनदा मोजताय, तर शेत एकदा तरी मोजा म्हणावं."