गुणवत्ता एक वर्ष रजेवर

सूर्यप्रकाश फुकट आहे, असं सरकारी जाहिराती सांगतात. खरंच आहे. तो झेलणारी काच विकायला निघालात, की मग आधी परीक्षा, मग नोंदणी आणि मग यादी.

परीक्षा कशी असते ते समजून घ्यायला कोलकात्याचं सॉल्ट लेक चांगलं. खाऱ्या दलदलीत हुगळीचा गाळ ओतून तयार झालेलं हे उपनगर. नकाशा युगोस्लाव्हियाच्या तज्ज्ञाने आखला, नाव बिधानचंद्र रॉय यांच्यावरून बिधाननगर पडलं आणि पत्ते इंग्रजी मुळाक्षरांच्या जोड्यांत वाटले गेले. इथे सेक्टर पाचच्या डीएन ब्लॉकमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याची ईआरटीएल ईस्ट ही प्रयोगशाळा आहे. सौर पॅनेल तपासणाऱ्या देशातल्या सरकारी प्रयोगशाळांपैकी ही एक. त्याच सेक्टरात पश्चिम बंगालच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेचं कार्यालय, आणि राज्याच्या वीज कंपनीचं विद्युत भवनही याच उपनगरात. म्हणजे पॅनेल तपासणारे, ते छपरावर चढवा म्हणणारे आणि त्याची वीज मोजणारे, तिघांनाही दुपारी एकाच टपरीवर चहा पिता येईल. देशात एवढी जवळीक सहसा फक्त फायलींमध्ये आढळते.

आता परीक्षा. भारतीय मानक आयएस १४२८६, म्हणजे आंतरराष्ट्रीय आयईसी ६१२१५ चा देशी अवतार. पॅनेल एका बंद कपाटात ठेवतात. आत ८५ अंश तापमान, ८५ टक्के दमटपणा, मुक्काम १,००० तास. जवळजवळ सहा आठवडे. दुसऱ्या कपाटात उणे ४० अंशांपासून अधिक ८५ पर्यंत आणि परत, अशा २०० फेऱ्या. मग गारा: २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने काचेवर, ११ ठिकाणी. मग वजन: २,४०० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे २४५ किलो. एवढं सोसूनही प्रत्येक कसोटीनंतर ताकद पाच टक्क्यांहून जास्त घटता कामा नये. आपल्या आमदारांना ही अट लावली तर विधानसभा रिकामी पडेल.

परीक्षा कडक आहे, यात शंका नाही. फक्त तिला काय विचारलंय आणि काय नाही, हे बघून ठेवावं. पॅनेलवर छापलेले वॅट मोजतात ते सेलचं तापमान २५ अंश असताना. कोलकात्यात मे महिन्यात २५ हा आकडा फक्त एसीच्या रिमोटवर दिसतो. छपरावर तापलेला सेल साठीच्या पुढे जातो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्के वीज गळते. भर दुपारी सात-आठवा हिस्सा असा उन्हानेच उन्हात जातो. गारेचा गोळा २५ मिलिमीटरचा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भावर ज्या गारा कोसळल्या त्यांनी आपला व्यास कुठल्या मानकाला विचारून ठरवला नव्हता. खाऱ्या हवेची चाचणी वेगळी, आयईसी ६१७०१. समुद्रकाठच्या कामांच्या निविदांत ती मागतात, रत्नागिरीच्या घरमालकाला तिचं नावही कुणी सांगत नाही. नारळाची चाचणी तर जगात कुठेच नाही. कोकण आणि बंगाल दोघांनी मिळून ती मागायला हवी.

तरी एवढ्यावर तक्रार नाही. हे मानक पॅनेल २५ वर्षं टिकेल असं म्हणतच नाही. रचनेतल्या ढोबळ चुका लवकर उघड्या पाडणं, एवढंच त्याचं काम. २५ वर्षांचं वचन विक्रेता देतो. तो आपल्याच जिवावर देतो, आणि त्याची कंपनी तेवढी वर्षं जगेल का, याची चाचणी कुठल्याच कपाटात होत नाही.

खरी गंमत निकालानंतर सुरू होते. बोर्डाच्या परीक्षेला घरातला एक मुलगा बसावा आणि गुणपत्रिका सगळ्या भावंडांना मिळावी, तशी ही पद्धत. कंपनी आठ-दहा नमुने पाठवते. कोणते? अर्थातच हुशार. अहवाल आला की भारतीय मानक ब्यूरोकडे ऑनलाइन अर्ज, नोंदणी क्रमांक, पॅनेलवर शिक्का आणि दोन वर्षं निश्चिंती. मग कारखान्यातून लाखो भावंडं बाहेर पडतात. सॉल्ट लेकच्या एखाद्या ब्लॉकमधल्या गृहस्थाच्या गच्चीवरून प्रयोगशाळेची इमारत दिसत असेल, पण त्याच्या गच्चीवरचं पॅनेल त्या इमारतीत कधी गेलेलं नाही. बाजारातून अचानक नमुने उचलून पुन्हा तपासायची तरतूद या योजनेत आहे. कोणत्या कंपनीचं पॅनेल त्यात नापास झालं, याची ठळक बातमी तुम्ही शेवटची कधी वाचली, ते आठवून बघा. मी थांबतो.

ही सक्तीची नोंदणी ३० ऑगस्ट २०१७ च्या आदेशाने आली. कंपन्यांना तयारीला वर्षभर दिलं. वर्ष संपलं तेव्हा प्रयोगशाळांपुढे रांग होती आणि रांगेपुढे मुदतवाढ. इन्व्हर्टरच्या बाबतीत तर मुदतवाढीलाच इतक्या मुदतवाढी मिळाल्या की तोवर कंपनीनेच स्वतःच्या सहीने ‘माझा माल चांगला आहे’ असं लिहून द्यायचं ठरलं. ही सोय दहावीच्या मुलांना कळू देऊ नका.

तरीही इथपर्यंतचा प्रश्न सरळ होता: माल टिकेल का? दुसरा प्रश्न २ जानेवारी २०१९ ला आला. मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांची यादी, धंद्यातल्या बोलीत ‘एएलएमएम’. मानक ब्यूरोची नोंदणी झाली तरी पुरे नाही. कारखान्याची तपासणी होऊन यादीत नाव लागलं पाहिजे. तपासणीचं काम गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे. सरकारी प्रकल्प, सरकारी मदत, पुढे नेट मीटरिंगसुद्धा या यादीशी बांधलं गेलं. कारण सांगितलं गेलं ते गुणवत्तेचं आणि भरवशाचं.

पहिली यादी १० मार्च २०२१ ला लागली. २३ कंपन्या, सगळ्या देशी. परदेशी एकही नाही. जगातली बहुतेक पॅनेलं चीनमध्ये बनतात, तिथल्या कारखान्यांची तपासणी करायला माणसं कधी गेली नाहीत आणि न तपासलेला कारखाना यादीत येऊ शकत नाही. तर्क इतका गुळगुळीत आहे की त्यावरून अख्खं जहाज घसरून परत शांघायला जावं. जोडीला १ एप्रिल २०२२ ला आयात पॅनेलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के सीमाशुल्क लागलं.

आणि मग मार्च २०२३. प्रकल्प रखडले होते, यादीतल्या कंपन्यांचा माल पुरत नव्हता, भाव चढले होते. सरकारने जाहीर केलं: २०२३-२४ या आर्थिक वर्षात यादी स्थगित. ३१ मार्च २०२४ पर्यंत पूर्ण होणाऱ्या प्रकल्पांनी यादीबाहेरचा माल लावला तरी चालेल. १ एप्रिल २०२४ पासून यादी पुन्हा लागू.

ही यादी खरोखर गुणवत्तेसाठी असती तर तिला वर्षभर सुट्टी देता आली असती का? औषधांच्या परवान्याला कुणी म्हणतं का, की यंदा गोळ्या कमी पडताहेत, तेव्हा मार्चअखेरपर्यंत न तपासलेल्या चालतील? गुणवत्ता सुट्टीवर जात नाही. सुट्टीवर जातं ते व्यापाराचं धोरण. जाताना ते गुणवत्तेची टोपी खुंटीवर ठेवून गेलं आणि १ एप्रिलला येऊन पुन्हा घातली. तारीखही नेमकी १ एप्रिल.

व्यापाराचं धोरण असण्यात वाईट काही नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर मला चिनी पॅनेलचा एजंट ठरवाल. यादीतल्या कंपन्यांची क्षमता ऑगस्ट २०२५ मध्ये १०० गिगावॉटवर गेली. २०१४ मध्ये देशाची क्षमता जेमतेम अडीच गिगावॉटच्या आसपास होती. सगळी वीज एकाच शेजाऱ्याच्या काचेतून यावी, आणि तोही सीमेवर कुरबुरी करणारा, हे कुठल्याही शहाण्या देशाला पटणार नाही. आता सेलचीही यादी १ जून २०२६ पासून लागू करायचं ठरलं. करा की. पण कारण खरं सांगा.

कारण खरं सांगायची परंपरा याच बंगालने घालून दिली आणि तिच्यात आपला मराठी माणूस पुढे होता. सखाराम गणेश देउस्कर, जन्म १८६९, देवघर परिसरातल्या मराठी घरातले. त्यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये काढलं आणि इंग्रजी राज्यात देशाचा पैसा कसा वाहून जातो, याचा आकड्यांनिशी हिशेब मांडला. वर्षभरात वंगभंग झाला, स्वदेशीची लाट आली, पुस्तक हातोहात फिरलं आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. देउस्करांनी मँचेस्टरचं कापड विरतं म्हणून घेऊ नका, असं सांगितलं नाही. पैसा बाहेर जातो म्हणून घेऊ नका, असं सांगितलं.

इकडे महाराष्ट्रात १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करायची कल्पना काढली, टिळकांनी पाठबळ दिलं. सौर पॅनेलच्या वजनाचा मोठा भाग काचच असते, तेव्हा हा कारखाना आजच्या उद्योगाचा चुलतआजोबा म्हणायला हरकत नाही. लोकांनी पैसा दिला तो देशी काच व्हावी म्हणून. तो मागताना ही काच परदेशी काचेपेक्षा गारा जास्त सोसते, असं प्रमाणपत्र कुणी नाचवलं नाही. स्वदेशी आणि टिकाऊ, हे दोन वेगळे गुण आहेत, एवढं त्या पैसा देणाऱ्याला कळत होतं. आपण दोन्हींना एकच शिक्का मारून टाकला.

याचा भुर्दंड कोणाला? गच्चीच्या मालकाला. १३ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. अट अशी की पॅनेलही देशी आणि आतला सेलही देशी. असं पॅनेल महाग, म्हणून बाहेरचा सेल घातलेलं पॅनेल देशी म्हणून खपवायचा मोह. तो अडवायला पुन्हा गुरुग्रामच्या संस्थेचं पोर्टल. शिवाय प्रत्येक पॅनेलमध्ये आरएफआयडी टॅग. त्यात उत्पादकाचं नाव, सेल कुठला, महिना, वर्ष, देश, सगळं नोंदलेलं. फक्त तो वाचायला वेगळं यंत्र लागतं, आणि ते घरात असणारा ग्राहक अजून सॉल्ट लेकलाही नाही, सांगलीलाही नाही. मग तो विक्रेत्यालाच विचारतो, ‘दादा, चांगलं आहे ना?’ विक्रेता म्हणतो, ‘यादीतलं आहे.’ प्रश्न टिकाऊपणाचा होता, उत्तर यादीचं आलं. दोघांचंही समाधान होतं.

पुढे वादळ येतं. २० मे २०२० च्या अम्फानमध्ये दमदमला वाऱ्याने ताशी १३० किलोमीटर ओलांडले होते. २,४०० पास्कल सोसलेलं पॅनेल अशा वेळी शाबूत राहील कदाचित, पण ते ज्या सांगाड्याला बांधलंय त्याचा नटबोल्ट कोणी आवळला, त्याचं नाव कुठल्या यादीत शोधायचं? पॅनेल उत्तीर्ण, मान्यताप्राप्त आणि शेजारच्या ब्लॉकमध्ये.

उपाय महाग नाही. दोन शिक्के ठेवा. एकावर लिहा ‘देशी’, दुसऱ्यावर ‘तपासलेलं’. पहिला मंत्रालयाने मारावा, दुसरा प्रयोगशाळेने, आणि दोघांनी एकमेकांच्या पेनाला हात लावू नये. नमुना कंपनीने निवडून पाठवायचा नाही. दुकानातून, गोदामातून, एखाद्या गच्चीवरून उचलायचा. नापास झालेल्यांची नावं उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीइतक्याच मोठ्या अक्षरात छापायची. देशी माल यात हरेल अशी भीती असेल, तर आपल्याच उद्योगावर सरकारचा विश्वास ग्राहकापेक्षा कमी आहे, असं म्हणावं लागेल.

वेष्टनावर एक आणि आत दुसरं, असा माल विकणं आपल्या कायद्यात गुन्हा आहे. तो कायदा कडक राबवायचं मनावर घेतलंच, तर जप्तीची सुरुवात यादीपासूनच करावी लागेल: वर ‘गुणवत्ता’ लिहिलंय आणि आत स्वदेशी भरलंय.